मॉनोवाय, नेब्रास्का: एका माणसाच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एक गाव आहे आणि त्यात एकच बाई राहते, हे कुठेतरी वाचलं की लोक मला मॉनोवायबद्दल विचारू लागतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, गुंत्याचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हे मॉनोवाय नेमकं आहे कुठे?

नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेजवळ, बॉइड काउंटीत. थोडं वर गेलं की साउथ डकोटा लागतं. गावाच्या दक्षिणेला नायोब्रारा नदी आणि उत्तरेला मिसुरी, अशा दोन नद्यांच्या बेचक्यातला हा मुलूख. ओमाहाहून मोटारीने साधारण चार तास लागतात. गावाजवळून जाणाऱ्या राज्य महामार्ग १२ ला पर्यटन खात्याने 'आउटलॉ ट्रेल', म्हणजे दरोडेखोरांची वाट, असं झोकदार नाव दिलंय.

शाळेच्या भूगोलात आपण 'प्रेअरी' म्हणजे गवताळ मैदान असं पाठ केलं, त्यामुळे डोळ्यांपुढे परातीसारखी सपाट जमीन येते. इथे तशी नाही. लाटांसारख्या बुटक्या टेकड्या, मधेमधे घळी, घळींत झाडं आणि बाकी सगळं गवत. गावाची हद्द जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. आपल्याकडचं एखादं मध्यम कॉलेजचं आवार याहून मोठं निघेल.

२. नाव 'मोनोवी' म्हणायचं की 'मॉनोवाय'?

मॉनोवाय. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्या तोंडी 'मोनोवी' येतं, पण शेवटी 'वाय' आहे. मूळ रहिवाशांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'फूल' असा होता आणि इथे रानफुलं फार म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. 'मोनो' म्हणजे एक, म्हणून एका माणसाचं मॉनोवाय, अशी एक व्युत्पत्ती मला वर्षातून दोनदा तरी कुणीतरी कळवतं. सुचली छान आहे, पण खोटी आहे. नाव पडलं तेव्हा गाव भरायला लागलं होतं.

३. खरंच एकच माणूस राहतो, की बातमी रंगवलेली आहे?

बातमी खरी आहे. १९३० च्या जनगणनेत १२३ लोक होते. १९८० मध्ये १८ उरले. २००० मध्ये दोन: रूडी आयलर आणि त्यांच्या पत्नी एल्सी. २००४ मध्ये रूडी गेले आणि २०१० च्या जनगणनेत मॉनोवायची लोकसंख्या १ अशी नोंदली गेली. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली नुसता '१', हा फोटो तुम्ही पाहिला असेल. २०२० चा आकडा मात्र २ आहे. ती भानगड प्रश्न १२ मध्ये.

४. 'गाव' म्हणजे आपल्यासारखंच गाव ना? मग बाकीचे शेतकरी कुठे गेले?

मला आलेल्या प्रश्नांतला सगळ्यात कामाचा प्रश्न हा. कारण 'गाव' या शब्दानेच आपली फसगत होते.

आपल्याकडे मधोमध गावठाण आणि भोवती शिवार. माणसं गावठाणात राहतात, सकाळी शेतावर जातात, दिवेलागणीला परत येतात. प्रेअरीवर हे नेमकं उलटं होतं. शेतकरी राहतो शेतावर, आणि गावात जातो तो धान्य विकायला, पत्र टाकायला, चर्चला, बिअर प्यायला. मळ्यात राहणाऱ्या माणसाने बाजाराला यावं, तसं.

हे असं झालं ते कायद्यामुळे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने १६० एकर जमीन जवळपास फुकट देऊ केली, पण अट अशी की पाच वर्षं त्याच जमिनीवर राहायचं आणि ती कसायची. जमिनीवर राहायचंच म्हटल्यावर शेजारीशेजारी घरं बांधून गाव वसवणार कसं? त्यातून मुलूख आधीच एकेक मैलाच्या चौकटींत आखलेला. एका चौकटीत ६४० एकर, म्हणजे चार कुटुंबं. शेजाऱ्याचं घर अर्ध्या मैलावर.

आता मुद्द्याचं. जनगणनेत 'मॉनोवाय' म्हणून जो आकडा येतो, तो फक्त गावाच्या कायदेशीर हद्दीतल्या माणसांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ती नुसत्या गावठाणाची लोकसंख्या आहे, शिवारातली वस्ती त्यात धरलेलीच नाही. भोवतीच्या शेतांवर माणसं आहेत. पूर्वी पुष्कळ होती, आता थोडी आहेत, पण आहेत. 'मैलोन्‌मैल एकटी बाई' हे चित्र म्हणूनच अर्धंच खरं.

५. गाव वसवलं कुणी?

रेल्वेने. फ्रेमॉन्ट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली रेलरोड या कंपनीची शाखा १९०२ मध्ये इथून गेली आणि त्याच वर्षी गाव उभं राहिलं. वर्षभरात ती कंपनीच शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नमध्ये विलीन झाली.

प्रेअरीवरच्या शेकडो गावांची जन्मकथा हीच आहे. आधी रूळ, मग स्टेशन, मग दोरी लावून आखलेले प्लॉट, मग दुकानं. पुराणपुरुष नाही, ग्रामदैवत नाही, पाटीलकी नाही. स्टेशनांमधलं अंतरसुद्धा बैलाघोड्यांच्या हिशेबाने पडायचं: धान्य भरलेली गाडी घेऊन निघालेला शेतकरी त्याच दिवशी घरी परतला पाहिजे. म्हणून दर सात-आठ मैलांवर एक गाव. मॉनोवायच्या एका बाजूला लिंच, दुसऱ्या बाजूला व्हर्डेल. हे अंतर लक्षात ठेवा, प्रश्न ८ मध्ये तेच अंगावर आलेलं दिसेल.

६. १९०२ च्या आधी ही जमीन रिकामी होती का?

रिकामी नव्हती, रिकामी केली गेली. नायोब्रारा आणि मिसुरीचा संगम हा पोंका या मूळ रहिवासी जमातीचा मुलूख. तिथला एक ओढा अजून पोंका क्रीक याच नावाने वाहतो. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकी सरकारने पोंकांची जमीन सू या दुसऱ्या जमातीला देऊन टाकली, तीही चुकून. चूक सुधारायची सोडून १८७७ मध्ये पोंकांनाच सैन्याच्या पहाऱ्यात दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हाकललं. वाटेत आणि तिथे पोहोचल्यावर बरीच माणसं दगावली.

त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगा तिथे वारला. त्याला आपल्या मातीत पुरायचं म्हणून ते त्याचे अवशेष घेऊन भर हिवाळ्यात उत्तरेला निघाले. अटक झाली. १८७९ मध्ये ओमाहाला खटला चालला आणि न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने 'इंडियन', म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, ही 'व्यक्ती' आहे, तिला बेकायदा डांबून ठेवता येणार नाही. मूळ रहिवासी 'व्यक्ती' आहे हे कोर्टाकडून वदवून घ्यावं लागलं, ते याच मुलखातल्या माणसाला.

मधल्या काळात, १८८२ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने नेब्रास्काची हद्द वर सरकवली आणि हा पट्टा राज्यात आणला. १८९१ मध्ये बॉइड काउंटी झाली, तेव्हाचे गव्हर्नर जेम्स बॉइड यांच्या नावाने. रेल्वे आली ती त्यानंतर.

७. भरभराटीच्या काळात किती लोक होते? कुणी १५० म्हणतं, कुणी १२३.

जनगणनेतला सर्वांत मोठा आकडा १९३० चा, १२३. वर्तमानपत्रांत येतो तो '१९३० च्या दशकात सुमारे १५०', हा लोकांच्या सांगण्यातला गोळाबेरीज आकडा. दोन्हींतला एकच निवडायचा तर मी १२३ घेईन. पण गावाचा राबता किती होता, हे दोन्हींतून कळत नाही. प्रश्न ४ आठवा: शनिवारी गावात दिसणाऱ्या गर्दीतले बरेचसे लोक गावचे नव्हतेच. तीन किराणा दुकानं, पोस्ट, शाळा, चर्च, एवढा पसारा सव्वाशे माणसांच्या जिवावर चालत नाही.

८. लोक गेले कशामुळे? दुष्काळ, रोगराई, काही दुर्घटना?

एकही नाट्यमय प्रसंग नाही. आग नाही, पूर नाही, साथ नाही. १९३० च्या दशकातला दुष्काळ आणि मंदी यांनी मोठा धक्का दिला हे खरं, पण पुढचा ओघ पाऊस परतल्यावरही थांबला नाही.

मुख्य कारण जमिनीच्या हिशेबात आहे. १६० एकर आपल्या कानाला जहागीर वाटते. पण पावसाचा भरवसा नसलेल्या या गवताळ मुलखात तेवढ्यात एक कुटुंब जेमतेम तगायचं. ट्रॅक्टर आले, मग एक माणूस चौघांची जमीन कसू लागला. शेजारी विकून गेला की त्याची जमीन आपल्यात. २०१७ मध्ये नेब्रास्कातलं सरासरी शेत ९७१ एकरांचं होतं, म्हणजे जिथे होमस्टेडची सहा कुटुंबं राहत, तिथे आता एक. बॉइड काउंटीची लोकसंख्या १९१० मध्ये ८,८२६ होती, २०२० मध्ये १,८१०.

दुसरं कारण मोटार. सात मैलांवर दुसरं गाव, ही सोय घोडागाडीच्या जमान्यातली. मोटारीला सात मैल म्हणजे दहा मिनिटं. मग लहान गावात दुकान कशाला हवं? लिंचला जाता येतं, किंवा त्याहून मोठ्या गावी. प्रत्येक गावाने आपल्याहून लहान गावाचं गिऱ्हाईक खाल्लं, आणि मॉनोवाय सगळ्यांत लहान.

बंद पडायचा क्रम पाहा. चर्चमधला शेवटचा अंत्यविधी १९६० मध्ये, तो एल्सी आयलर यांच्या वडिलांचा. १९६७ ते १९७० या काळात पोस्ट गेलं आणि शेवटचं किराणा दुकानही. १९७४ मध्ये शाळा. शाळेला कुलूप लागल्यावर पोरंबाळं असलेलं घर तिथे का थांबेल, हे कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

९. एल्सी आयलर कोण? त्या एकट्याच का राहिल्या?

त्या याच परिसरातल्या शेतकरी घरातल्या. रूडी आणि त्या एकाच शाळेत शिकले. रूडी हवाई दलात होते. एल्सी काही काळ कॅन्सस सिटीला जाऊन आल्या. लग्नानंतर दोघं इथेच परतले आणि १९७१ मध्ये त्यांनी मॉनोवाय टॅव्हर्न घेतलं. टॅव्हर्न म्हणजे बार आणि खानावळ यांच्या मधलं काहीतरी: बर्गर, बिअर, कॉफी आणि गप्पा. दोन मुलं मोठी होऊन बाहेर गेली. २०१८ मध्ये जगभरच्या पत्रकारांची तिथे रीघ लागली तेव्हा एल्सीबाई ८४ वर्षांच्या होत्या आणि आठवड्यातले सहा दिवस टॅव्हर्न चालवत होत्या.

बातम्यांत त्यांच्या एकटेपणावर फार हळवं लिहिलं जातं. मला ते पटत नाही. ज्या बाईच्या दुकानात दिवसभर पंचक्रोशीतले लोक येऊन बसतात, ती पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आजीपेक्षा कमीच एकटी असते.

१०. गावात एकच मतदार, मग निवडणूक कशी होते? स्वतःलाच मत?

हो. टॅव्हर्नमध्ये निवडणुकीची सूचना लावायची आणि मग स्वतःला मत द्यायचं. महापौर, कारकून, खजिनदार, ग्रंथपाल, सगळी पदं एल्सीबाईंकडे.

सगळ्यांत मजा दारूच्या परवान्याची. राज्य सरकार परवान्याचे कागद गावाच्या कार्यालयाकडे पाठवतं, म्हणजे एल्सीबाईंकडे. कारकून या नात्याने त्यावर सही त्यांचीच. मग तो परवाना टॅव्हर्नच्या मालकिणीला द्यायचा, त्याही त्याच. तीन खुर्च्या, एक पेन. तालुक्याच्या कचेरीत एका सहीसाठी ज्यांनी तीन टेबलं फिरून दुपार घालवली आहे, त्यांना हेवा वाटेल.

काटेकोर बोलायचं तर 'महापौर' हा शब्द सैल वापरलेला आहे. नेब्रास्काच्या कायद्यात 'व्हिलेज' दर्जाच्या गावाचा कारभार पाच विश्वस्तांचं मंडळ पाहतं आणि त्याचा एक अध्यक्ष असतो. आपल्या ग्रामपंचायतीत कमीत कमी सात सदस्य लागतात, तसंच हे. पाच माणसं आणणार कुठून, हा प्रश्न मॉनोवायला लागू करायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही.

११. एका माणसासाठी गावाचा दर्जा ठेवायचाच कशाला? रद्द का करत नाहीत?

नेब्रास्कात 'व्हिलेज' म्हणून दर्जा घेताना साधारण १०० ते ८०० लोकसंख्या लागते. पण ही आत शिरतानाची अट. दर्जा मिळाल्यावर माणसं कमी झाली म्हणून तो आपोआप जात नाही.

आणि दर्जा असला की त्याची कामंही असतात. रस्त्यांचा वार्षिक आराखडा राज्याला सादर करायचा, तेव्हा राज्याचा निधी मिळणार. गावातले रस्त्यावरचे चार दिवे चालू ठेवायला कर गोळा करायचा, म्हणजे स्वतःकडूनच घ्यायचा. सोडून देणं सोपं होतं. एल्सीबाईंनी ते केलं नाही.

१२. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २ दिसते. दुसरं कोण आलं?

कुणीच नाही. स्वतः एल्सीबाईंनाही हा आकडा ऐकून दुसरा कोण, असा प्रश्न पडला होता. दुसरा माणूस जनगणना विभागाने मुद्दाम निर्माण केला.

अमेरिकेत कायद्याने जनगणनेतली कुणाही एकाची माहिती उघड होता कामा नये. आता विचार करा: गावात एकच माणूस आहे आणि तक्त्यात वय, लिंग, वंश असे रकाने आहेत. तो तक्ता छापला म्हणजे त्या माणसाचा फॉर्मच छापला. शिवाय आजचे संगणक लहान गावांचे तक्ते इतर माहितीशी जुळवून माणसं हुडकू शकतात. म्हणून २०२० पासून 'डिफरन्शियल प्रायव्हसी' नावाची गणिती पद्धत आणली. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवायची, पण त्याखालच्या आकड्यांत थोडी यादृच्छिक भर-घट करायची. मोठ्या शहरात दोनपाच माणसं इकडेतिकडे झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मॉनोवायमध्ये एक वाढला की लोकसंख्या दुप्पट होते.

ज्या बाईचं नाव, वय, फोटो आणि बर्गरचा भाव जगभर छापून आला, तिची ओळख लपवण्यासाठी सरकारने एक काल्पनिक शेजारी दिला. पण नियम सगळ्यांना सारखा, त्याला काय करणार. २०१० चा १ हा आकडा मात्र खरा मोजलेला आहे. आधीच्या पद्धतीत गावाच्या एकूण संख्येला हात लावत नसत.

१३. जुन्या रहिवाशांची नावं कुठे पाहायला मिळतील?

अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ ला खुले झाले, म्हणजे मॉनोवायची घरं नावानिशी तिथपर्यंत वाचता येतात. १९६० ची यादी २०३२ मध्ये येईल. आजोळचा शोध घेणाऱ्यांना एक सूचना: गावाच्या यादीत नाव सापडलं नाही तर भोवतालच्या शेतांची यादी बघा (का, ते प्रश्न ४ मध्ये).

१४. एका माणसाची गावं आणखीही आहेत ना? वायोमिंगमधलं ब्यूफर्ड?

ब्यूफर्डची पाटीही '१' होती, पण त्याला नगरपालिकेसारखा कायदेशीर दर्जा नव्हता. महामार्गाकडेचं दुकान, पंप आणि घर, असा तो मामला. म्हणूनच मालकाला ते २०१२ मध्ये लिलावात ९ लाख डॉलरला विकता आलं, तेही एका व्हिएतनामी व्यापाऱ्याला. मॉनोवाय कुणाला विकता येणार नाही. वायोमिंगचंच लॉस्ट स्प्रिंग्ज २००० च्या जनगणनेत १ होतं, २०१० मध्ये ४ झालं. आणि मॉनोवायच्याच काउंटीत ग्रॉस नावाचं गाव आहे, २०१० मध्ये तिथे दोन माणसं होती. त्याच्याकडे पत्रकार फिरकत नाहीत. दोनची बातमी होत नाही.

१५. महाराष्ट्रात असं गाव आहे का?

तुलना जपून करायला हवी. आपल्याकडे गाव हे आधी महसुली दप्तरातलं गाव असतं: त्याला हद्द, गट नंबर, सातबारा. त्यात माणूस राहतो की नाही हा नंतरचा प्रश्न. म्हणून दप्तरात चक्क शून्य वस्तीची गावं असतात आणि त्यांना शब्दही आहे, 'बेचिराख'. जमीन दुसऱ्या गावचे लोक कसतात, नाव मात्र कागदावर जिवंत. नेब्रास्कात गाव टिकतं ते कारभार चालवणाऱ्या माणसामुळे, आपल्याकडे जमिनीच्या नोंदीमुळे. मॉनोवाय इथे असतं तर शेवटचा माणूस गेल्यावरही तलाठ्याच्या यादीतून हललं नसतं.

१६. मोठ्या जाहिरातीचा मॉनोवायशी काय संबंध?

२०१८ च्या जूनमध्ये आर्बीज या खाद्यपदार्थांच्या साखळीने पेप्सी सोडून कोका-कोला घेतल्याची जाहिरात करायला जगातलं सर्वांत मोठं पोस्टर अंथरलं आणि त्यासाठी जागा निवडली मॉनोवायची. गिनीज बुकात नोंद झाली. याहून जास्त त्यात काही नाही.

१७. वाचनालयाची गोष्ट खरी आहे का? आणि एक माणूस असलेल्या गावात टॅव्हर्न चालतं तरी कसं?

दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आलंय: गिऱ्हाईक शिवारातलं आणि आसपासच्या गावांतलं. गल्ल्यामागे एक हाताने रंगवलेली पाटी होती, 'गावातली सगळ्यात गार बिअर इथे'. गावात दुसरा बार नाही, तेव्हा दाव्याला आव्हान देणार कोण?

वाचनालय खरं आहे. रूडींना वाचनाचं वेड. साठवलेली पुस्तकं लोकांना वाचायला मिळावीत म्हणून त्यांनी टॅव्हर्नजवळच एक खोली करायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत ते गेले. घरच्यांनी ती पुरी केली, ५,००० च्या आसपास पुस्तकं लावली आणि दारावर 'रूडीज लायब्ररी' अशी पाटी ठोकली. वर्गणी नाही, दंड नाही. किल्ली टॅव्हर्नमधून घ्यायची, हवं ते पुस्तक उचलायचं, आणि वाचून झालं की पुन्हा कधी या रस्त्याने जाल तेव्हा परत ठेवायचं.